ब्लॅक बायकांसाठी वेगळं आरोग्य धोरण म्हणजे नेमकं काय वेगळं?

रानजाई

नमस्कार मंडळी, फार दिवसांनी धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी मूळ मिरजेची. बीएचएमएस झाल्यावर तीन वर्षं प्रॅक्टिस केली आणि गेल्या ऑगस्टपासून अटलांटात पब्लिक हेल्थचं मास्टर्स करतेय. या सेमला एक कोर्स घेतलाय, अमेरिकेतल्या ब्लॅक बायका आणि मुलींच्या आरोग्य धोरणाकडे ब्लॅक फेमिनिस्ट विचारातून बघायचं, असा विषय आहे. (ब्लॅकच लिहितेय, कृष्णवर्णीय म्हटलं की पेपरातली बातमी वाचल्यासारखं वाटतं आणि वर्गातल्या मैत्रिणी स्वतःला ब्लॅकच म्हणतात.)

अडचण अशी की वाचताना सगळं पटतं, मान डोलते, आणि लॅपटॉप मिटला की हातात काय आलं ते सांगता येत नाही. आकडे माहितीयत. २०२३ मध्ये इथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ ब्लॅक बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणाच्या आसपास गेल्या, गोऱ्यांमध्ये तोच आकडा १४.५. कोविडच्या २०२१ मध्ये तर ६९.९ होता. फरक आहे हे आंधळ्यालाही दिसेल. पण मग गरिबी घालवा, सगळ्यांना विमा द्या, दवाखाने सुधारा, एवढं पुरत नाही का? त्यात 'ब्लॅक फेमिनिस्ट' असं वेगळं काय येतं, म्हणजे कागदावर नियम लिहिताना कुठली ओळ बदलते?

वर्गात विचारायला लाज वाटते. अर्ध्या मुलींच्या घरचं दुखणं आहे ते आणि मी म्हणजे लग्नात आलेली लांबची पाहुणी, तिथे उठून 'पण असं का' म्हणायला जीभ रेटत नाही. दोन पानांचा पेपर द्यायचाय, आरोग्याचा एक नियम घ्या आणि तो कोणाला डोळ्यासमोर ठेवून लिहिला ते दाखवा. भाषण नको, उदाहरणं द्या प्लीज.

तर्कटराव

प्रश्न रास्त आहे, लाजायचं काय त्यात.

माझं मत सांगतो, शिव्या खायची तयारी ठेवून. बीपी, शुगर, वजन, उत्पन्न, शिक्षण, विमा असे कॉलम घाला, रेग्रेशन (कुठल्या कारणाचा किती वाटा ते वेगळं काढायचं गणित) चालवा आणि बघा रंगाचा कॉलम किती शिल्लक राहतो. राहिलाच तर जनुकीय काहीतरी असेल, त्यावर संशोधन करा. गरिबाला औषध द्यायचं तर द्या की, गरीब कुठल्या रंगाचा आणि कुठल्या लिंगाचा हे बघत बसलं की औषध राहतं बाजूला आणि सेमिनार होतात. आयटीत तीस वर्षं काढलीत, आकडा खोटं बोलत नाही.

खडीसाखर

तर्कटराव, तुमचं रेग्रेशन चालवून झालंय हो, आम्ही शाळेत होतो तेव्हापासून चालवताहेत.

मी लेबर अँड डिलिव्हरीला नर्स आहे, मेरीलँडमध्ये, चौदा वर्षं झाली. (माहेर अमरावती.) आधी तुमच्या दोन मुद्द्यांचं बघते. शिक्षण म्हणाल तर सीडीसीच्याच, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, आकड्यांत कॉलेजची डिग्री असलेल्या ब्लॅक बायकांचा बाळंतपणातला मृत्युदर शाळासुद्धा पूर्ण न केलेल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त निघाला, २०१९ साली छापून आलंय. आणि जनुकं म्हणाल तर इलिनॉयमधल्या जन्मनोंदींवर १९९७ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या बायकांच्या बाळांची वजनं अमेरिकेत जन्मलेल्या ब्लॅक बायकांच्या बाळांपेक्षा गोऱ्यांच्या बाळांच्या जवळ होती. आता रक्तातच खोट असती तर थेट आफ्रिकेतून आलेलीला जास्त लागायला हवी होती नं? म्हणजे जे काय होतं ते इथे राहून होतं. मिशिगनच्या अर्लाइन जेरोनिमस बाईंनी १९९२ मध्ये त्याला वेदरिंग असा शब्द दिला, म्हणजे ऊनपावसात उभ्या लाकडाची चिरफाळी होते तसं शरीर वयाच्या आधी झिजतं.

आणि आकडा खोटं बोलत नाही म्हणता ना, तर एक चेकबॉक्स सांगते, तुम्हाला आयटीवाल्यांना कळेल. आधीचं सिझर झालेली बाई पुढच्या खेपेला नॉर्मल होईल का याचं एक कॅल्क्युलेटर आहे, वय टाका, उंची-वजन टाका, आधी कधी नॉर्मल झाली का ते टाका, शेवटी टक्का येतो. त्यात एक खूण होती, आफ्रिकन अमेरिकन आहे का? हो केलं की टक्का खाली. हिस्पॅनिकला पण तसंच. बाकी सगळं तेच, नुसती ती खूण. टक्का खाली आला की डॉक्टर म्हणणार जाऊ दे, परत सिझरच करू, आणि सिझर वाढली की पुढच्या खेपेला वार चिकटणं, रक्तस्राव हे सगळं वाढतं, मग परत तोच आकडा पुढच्या टेबलात जाऊन बसतो. मी स्वतः कितीदा ती खूण केलीय. कधी मनात आलं नाही की ही खूण नेमकी काय मोजतेय. २०२१ मध्ये काढली ती.

आता माझीच एक चूक सांगते. नोकरीचं पहिलंच वर्ष, दुसऱ्या दिवसाची सिझरची पेशंट, ब्लॅक, शाळेत शिक्षिका. दुखणं दहापैकी आठ म्हणत होती. शिफ्ट बदलताना मला हँडओव्हर मिळाला तो असा, की ती जरा जास्तच करते, लक्ष देऊ नको. मी नाही दिलं. ऑर्डरमध्ये होतं तेवढं औषध दिलं आणि पुढच्या खोलीत गेले. चार तासांनी तिच्या आईने मला कॉरिडॉरमध्ये गाठून हात धरून आत नेलं, तेव्हा पोट दगडासारखं लागत होतं, आत रक्त साठलेलं. वाचली ती. पण मी फाइलमध्ये काय लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे, 'पेशंट आरामात'.

व्हर्जिनियातल्या गोऱ्या मेडिकल स्टुडंट आणि रेसिडेंट डॉक्टरांवर २०१६ मध्ये अभ्यास झाला, त्यात साधारण निम्म्यांना ब्लॅक माणसाची कातडी जाड असते छापाची एक तरी खुळी समजूत खरी वाटत होती. हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत हो, हे हँडओव्हरमध्ये मिळतं, सासूकडून सुनेकडे मसाल्याचं प्रमाण जावं तसं.

घोंगडी

वाचनखूण साठवली. खडीसाखर, वेगळा लेख लिहा यावर.

रानजाई

बापरे, चेकबॉक्स. खडीसाखर ताई, खूप खूप आभार, आणि ती 'पेशंट आरामात'वाली गोष्ट इतक्या सरळ सांगितलीत, मी दोनदा वाचली.

पण माझं घोडं थोडं तिथेच अडलंय, हे सगळं दवाखान्यातलं वागणं झालं, खूण काढली, ट्रेनिंग दिलं, सुधारलं. यात फेमिनिस्ट काय आणि धोरण काय?

पाटीपेन्सिल

रानजाई, इथे जरा इतिहासात शिरावं लागेल. मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे, पुण्यात स्त्री चळवळीत बरीच वर्षं घालवली, तेव्हा लांबण लावणार हे गृहीत धर.

साठच्या दशकातल्या अमेरिकेत एक गणित होतं. गोऱ्या, मध्यमवर्गीय बाईला 'बास आता मुलं, नसबंदी करा' म्हणायचं असेल तर डॉक्टर वय गुणिले मुलं करायचे. उत्तर १२० आलं तर ऑपरेशन, नाहीतर घरी जा. म्हणजे तिशीची बाई असेल तर चार मुलं हवीत! त्यामुळे तिथल्या गोऱ्या स्त्रीवाद्यांचा लढा काय होता, तर आमच्या शरीराचा निर्णय आम्हाला घेऊ द्या, अटी काढा, ताबडतोब करा.

आता त्याच देशात अलाबामातलं माँटगोमरी गाव, १९७३. रेल्फ नावाच्या कुटुंबातल्या दोन बहिणी, मिनी ली १४ वर्षांची आणि मेरी अ‍ॅलिस १२. सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्राची माणसं येऊन घेऊन गेली. आईला लिहितावाचता येत नव्हतं, तिला वाटलं नेहमीचं इंजेक्शन असेल, तिने कागदावर फुली मारली (आपल्याकडे अंगठा असता). दोन्ही पोरींची नसबंदी झाली. खटला उभा राहिला तेव्हा न्यायाधीशांनी नोंदवलं की सरकारी योजनांच्या पैशातून वर्षाला लाख-दीड लाख गरिबांची नसबंदी होतेय. त्याआधी १९६१ मध्ये मिसिसिपीत फॅनी लू हेमर, ज्या पुढे नागरी हक्क चळवळीतल्या मोठ्या नेत्या झाल्या, त्या गाठ काढायला म्हणून दवाखान्यात गेल्या आणि गर्भपिशवीच काढलेली निघाली, न विचारता. हे इतकं सर्रास होतं की तिकडे त्याला 'मिसिसिपीचं अपेंडिक्स' म्हणायचे.

तर या बायकांची मागणी काय असणार? थांबा, घाई करू नका, सही घेतल्यावर तीस दिवस जाऊ द्या, तिच्या भाषेत सांगा. आणि सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हा तीस दिवसांचा नियम आणायची वेळ आली तेव्हा गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्या मोठमोठ्या संघटनांनीच विरोध केला, कारण त्यांच्या लेखी थांबवणं म्हणजे बाईच्या मार्गात काटे. दोन्हीकडच्या बायकाच, दोघींचा शब्दही तोच, 'माझं शरीर', आणि नियमाच्या कागदावर मागण्या अगदी उलट्या. तुझी ओळ बदलते ती इथे. 'बाई' म्हणून नियम लिहिला की डोळ्यासमोर गोरी बाई येते, 'ब्लॅक' म्हणून लिहिला की पुरुष येतो, आणि मधली जी उरते ती दोन्ही रजिस्टरांत सापडत नाही. बोस्टनच्या कॉम्बाही रिव्हर या ब्लॅक स्त्रीवाद्यांच्या गटाने हे १९७७ मध्येच मांडलं होतं. कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये त्याला इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द दिला, त्यांच्या लेखातला एक खटला मोटार कारखान्याचा होता, कंपनी म्हणाली आम्ही बायका घेतो (ऑफिसात, गोऱ्या) आणि ब्लॅकही घेतो (कारखान्यात, पुरुष), मग भेदभाव कुठाय?

आरोग्याकडे परत येते. बिली एव्हरी हे नाव तुझ्या वाचनात आलं असेलच, तुझ्याच गावची गोष्ट. त्यांचा नवरा १९७० मध्ये हार्ट अटॅकने गेला, वय ३३. शिकलेलं घर, आणि बीपी किती घातक असतं याची घरात कुणाला पुरती कल्पना नव्हती. पुढे त्यांनी १९८३ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात ब्लॅक बायकांची आरोग्य परिषद भरवली, दोनेक हजार बायका आल्या, आणि त्यातून नॅशनल ब्लॅक विमेन्स हेल्थ प्रोजेक्ट उभा राहिला. त्यांची पद्धत मला फार आवडते. आधी तक्ते नाहीत, व्याख्यानं नाहीत. बायकांना गोल करून बसवायचं आणि बोलू द्यायचं. वजन कमी करा, मीठ कमी खा हे त्यांना कोणी सांगायची गरजच नव्हती, पाठ होतं. बोलायला लागल्यावर निघालं काय, तर मारहाण, लहानपणचे अत्याचार, दोन नोकऱ्या, झोप नाही, आणि सगळं अंगावर काढायची सवय. म्हणजे बीपीचं औषध लिहून देणारा जे विचारत नाही ते. म्हणून त्यांच्या लेखी नवऱ्याची मारहाण हा आरोग्य धोरणाचा विषय झाला, घराचं भाडं झालं, पोरं सांभाळायला कोण हे झालं.

आणि १९९४. क्लिंटन सरकार सगळ्यांसाठी आरोग्य विमा आणू पाहत होतं, आणि विरोधक बिथरू नयेत म्हणून बायकांच्या आरोग्याचे विषय, विशेषतः गर्भपात, हळूच बाजूला सारले जात होते. शिकागोत एका परिषदेला आलेल्या बारा ब्लॅक बायका हॉटेलच्या खोलीत बसल्या, त्यात कार्यकर्त्या लॉरेटा रॉस होत्या, आणि तिथे 'रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस' हा शब्द घडला. मूल नको तर न होण्याचा हक्क, हवं तर होऊ देण्याचा हक्क, आणि झालेलं मूल धडपणे वाढवता येईल अशा जागेत राहण्याचा हक्क, तिन्ही एकत्र. तिसऱ्याकडे नीट बघ. त्यात पाणी आलं, शाळा आली, पोलीस आले. मग त्यांनी आठशेवर सह्या गोळा करून वॉशिंग्टन पोस्टमध्ये पानभर जाहिरात दिली. तर्कटराव, मुद्दाम सांगते, त्यातली ठळक मागणी होती सगळ्यांना विमा. सगळ्यांना. आणि निर्णय घेणाऱ्या समित्यांवर आम्हीही बसू.

अवांतर: जोतिरावांनी १८७३ मध्ये गुलामगिरी अर्पण केली ती निग्रोंना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकन लोकांना, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर झाली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हा तू पाहुणी वगैरे काही नाहीस, जुनी सोयरीक आहे, उठून विचार प्रश्न.

तर्कटराव

पाटीपेन्सिल ताई, १२० चं गणित माहीत नव्हतं, आणि खडीसाखर यांचा इलिनॉयचा मुद्दा मान्य, जनुकांचं माझं विधान मागे घेतो. चेकबॉक्सबद्दल तर काय बोलू, आम्ही त्याला बग म्हणतो आणि बग लावणारा कधीच सापडत नाही.

पण एक शंका उरतेच. जर मागणी सगळ्यांसाठी आहे तर त्याला ब्लॅक फेमिनिस्ट कशाला म्हणायचं? आणि फक्त ब्लॅक बायकांसाठी असेल तर इतर गरिबांचं काय? दोन्हीपैकी एक काहीतरी सांगा.

खडीसाखर

+१ पाटीपेन्सिल ताई, शिकागोचं मला निम्मंच माहीत होतं.

तर्कटराव, नाइट ड्यूटीवरून आलेय, झोप येत नाहीये, म्हणून लिहिते.

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना असतो. इथे गरिबांचा सरकारी विमा आहे मेडिकेड, देशातली दहातली चार बाळंतपणं त्यावर होतात, ब्लॅक बायकांमध्ये तर निम्म्याहून कितीतरी जास्त. गरोदर राहिल्यामुळे ज्यांना तो मिळायचा त्यांचा बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपायचा. सव्वा महिना झाला, वर पंधरा-वीस दिवस, की कार्ड बंद. आता हे साठ कुठून आले? बाई म्हणजे बाळाची पिशवी, बाळ बाहेर आलं, टाके भरले, संपलं काम, या हिशोबातून. पण मृत्यूंच्या फाइली एकेक करून तपासणाऱ्या राज्याराज्यांच्या समित्यांनी २०१७ ते २०१९ चं काम मांडलं तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त मृत्यू बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा उलटल्यावर, वर्षभरात कधीही झालेले, आणि पाचातले चार टाळता येण्यासारखे. बाळंतपणाचा हृदयविकार असतो तो पाच-पाच महिन्यांनी दिसतो. पायाला सूज, धाप, आडवं झालं की खोकला. बाई म्हणते बाळाने जागवलं म्हणून थकलेय. आणि कार्ड तर कधीच बंद झालेलं.

हे कोणी लावून धरलं? ब्लॅक बायकांच्या संघटना, ब्लॅक मामाज मॅटर अलायन्ससारख्या, आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, २०१९ मध्ये ब्लॅक मॅटर्नल हेल्थ कॉकस हा खासदारांचा गट काढणाऱ्या लॉरेन अंडरवूड आणि अल्मा अ‍ॅडम्स. अंडरवूड बाई स्वतः नर्स बरं का (कॉलर ताठ). त्यांची मैत्रीण शॅलन अर्व्हिंग, दुहेरी पीएचडी, सीडीसीत संशोधक, कामच आरोग्यातल्या विषमतेचं, २०१७ च्या जानेवारीत बाळ तीन आठवड्यांचं असताना गेली, बीपीच्या गुंतागुंतीने. त्या तीन आठवड्यांत ती परत परत डॉक्टरकडे जाऊन सांगत होती. विमा होता, शिक्षण होतं, पैसे होते, तुमचे सगळे कॉलम भरलेले होते तर्कटराव.

२०२१ च्या कायद्याने राज्यांना ६० दिवसांचे बारा महिने करायची मुभा मिळाली, २०२२ च्या एप्रिलपासून, नंतर ती कायमची केली, आणि जवळजवळ सगळ्या राज्यांनी घेतली. आता हे बारा महिने मिळतात कोणाला? सगळ्यांना. अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागातल्या गोऱ्या बाईला, मेक्सिकन बाईला, आपल्या एखाद्या गुजराती मोटेलवाल्याच्या सुनेला पण. लाभ सगळ्यांना, पण भोक कुठाय ते दिसलं कारण बघणारी त्या भोकातून पडलेल्यांपैकी होती. तुमच्या 'दोन्हीपैकी एक'चं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे.

उलट बाजूचंही सांगते. कॅलिफोर्नियाने २००६ पासून काम हाती घेतलं आणि सगळ्यांसाठी एकच पद्धत आणली, रक्तस्रावाची ट्रॉली तयार ठेवायची, आणि रक्त अंदाजाने नाही, भिजलेले पॅड वजनकाट्यावर टाकून मोजायचं, कोरड्या पॅडचं वजन वजा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. आम्ही पण करतो, काटा भिंतीलाच असतो. सात-आठ वर्षांत मातामृत्यू अर्ध्याहून खाली आले तिथे. फार मोठं काम. पण ब्लॅक आणि गोऱ्या बायकांमधलं अंतर? ते राहिलंच. कारण काटा सगळ्यांचं रक्त सारखं मोजतो, पण पॅड काट्यावर टाकायची वेळ आली हे ठरवणारी माझ्यासारखी कोणीतरी असते, आणि तिला हँडओव्हर मिळालेला असतो.

सगळं गोड नाहीये. मॉमनिबस म्हणून बारा बिलांची मोट बांधली होती २०२१ मध्ये, डूलांना (बाळंतपणात सोबत करणाऱ्या बायकांना) पैसे, घर, पोषण, तुरुंगातल्या गरोदर बायका, सगळं होतं, त्यातलं एकच त्या नोव्हेंबरात सही होऊन कायदा झालं, सैन्यात काम केलेल्या बायकांचं. बाकीची पडून.

चिमणी_ह्यूस्टन

इथं सगळे बाळंतपणावरच बोलायलेत, धाग्याच्या नावात नसलं तरी रानजाईच्या प्रश्नात 'मुली' पण आहे की हो. मी मिडल स्कूलला शिकवते, कोल्हापूरची, लिहायला जरा आडवंतिडवं होतंय, सांभाळून घ्या.

जॉर्जटाउनच्या लोकांनी २०१७ मध्ये एक रिपोर्ट काढलेला, मोठ्या माणसांना विचारून, की ५ ते १४ वयाच्या ब्लॅक मुली गोऱ्या मुलींच्या मानानं त्यांना कशा वाटतात. तर म्हणे जास्त मोठ्या वाटतात, कमी निरागस, त्यांना जवळ घ्यायची, सांभाळायची गरज कमी. पाच वर्षांची पोर हो! मी हे रोज बघते. तीच उर्मट उत्तरं दोन पोरी देतात, एकीला समुपदेशक, दुसरीला सस्पेन्शन. आणि पाळीच्या दुखण्यानं वाकलेली पोर नर्सच्या खोलीत गेली की 'नाटक करतेस' ऐकून परत येते, मग ती शिकते की सांगायचंच नाही. खडीसाखरच्या वॉर्डात वीस वर्षांनी जी गप्प राहते ना, ती माझ्या वर्गातून गेलेली असते.

दुसरं केसांचं. हसू नका, आरोग्याचंच सांगतेय. केस सरळ करायचं केमिकल असतंय, रिलॅक्सर, त्याचा वास डोळ्यात जातो, डोक्याची कातडी भाजते, आणि पोरींना सात-आठ वर्षांपासून लावतात, दर सहा-आठ आठवड्यांनी मुळं वाढली की परत. २०२२ मध्ये सरकारी संशोधन संस्थेचा मोठा अभ्यास आला, ३३ हजारांवर बायकांचा, त्यात वर्षाला चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करायची केमिकल वापरणाऱ्यांना गर्भपिशवीच्या कॅन्सरचा धोका दुपटीहून जास्त दिसला, सत्तरी गाठेपर्यंत १.६४ टक्क्यांच्या जागी ४.०५. आणि रंगानुसार काय फरक नव्हता, जी लावेल तिला. फक्त लावणाऱ्यांत जास्त कोण? ब्लॅक बायका. आता डॉक्टर सांगणार लावू नका. पण का लावतात ते कोण विचारणार? शाळेच्या नियमावलीत 'नीटनेटके केस' लिहिलेलं असतं आणि नीटनेटके म्हणजे सरळ हे न लिहिता कळतं. नोकरीच्या मुलाखतीला पण तेच. म्हणून क्राउन कायदा, केसांवरून शाळेत-नोकरीत भेदभाव नको म्हणणारा, कॅलिफोर्नियात २०१९ ला पहिला झाला, आमच्या टेक्सासात २०२३ ला. कागदावर तो नोकरीचा-शाळेचा कायदा. मला विचाराल तर कॅन्सरचा पण आहे.

रानजाई, पेपरला हे घे, वर्गात दुसरं कोणी घेणार नाही.

उसाचं_पाचट

बीडचा आहे. वाचून आमच्याकडच्या बायका आठवल्या. ऊसतोडीला कोयत्यावर जातात, पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पिशवीच काढून टाकतात. २०१९ च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजार बायकांत १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा पण आधी सगळे म्हणाले अडाणीपणा. खाड्याचं कोणी विचारलं नव्हतं.

पाटीपेन्सिल

पाचट, अगदी. फक्त एक सांभाळायचं, साम्य दिसलं की आपण लगेच 'आमच्याकडेही तसंच' म्हणून मोकळे होतो. तिकडे गुलामगिरी आहे मागे, बाईचं पोट मालकाच्या हिशोबवहीत होतं. माँटगोमरीतच १८४० च्या दशकात मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने अनार्का, बेट्सी, लूसी या गुलाम बायकांवर भूल न देता परत परत ऑपरेशनं करून आपलं तंत्र बसवलं, आणि 'स्त्रीरोगशास्त्राचा जनक' म्हणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळा २०१८ पर्यंत उभा होता. कातडी जाड असते ही समजूत आली ती त्या जमान्यातून. बीडचं मूळ वेगळं आहे, जातीचं आहे, उचलीचं आहे. विचारायची रीत मात्र उचलावी, की बाई, खाडा झाला तर काय होतं?

तर्कटराव

रीत हा शब्द आवडला. मी अजून 'फेमिनिस्ट' शब्दाशी भांडतोय, पण ते माझं मी बघून घेईन. चिमणीबाई, ४.०५ चा अभ्यास शोधून वाचला, बरोबर आहे.

रानजाई

किती लिहिलंत सगळ्यांनी. चिमणीताई, केसांचा मोह होतोय पण मी ६० दिवसच घेतेय, कारण नियमाची ओळ बोट ठेवून दाखवता येते, आधी काय होती, नंतर काय झाली.

आणि एक झालं. काल वर्गात शेवटी धीर करून माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला सव्वा महिना काय ते सांगितलं, अळिवाचे लाडू, शेक, शेगडी, डोक्याला बांधायचं, बाहेर पडायचं नाही. मला वाटलं हसेल. ती म्हणाली तिच्या पणजीकडे पण असंच, बाळंतिणीने महिनाभर उंबऱ्याबाहेर जायचं नाही. पणजी अलाबामात सुईण होती, तिकडे ग्रॅनी मिडवाइफ म्हणायचे, गावातली ब्लॅक पोरं बहुतेक तिच्याच हातची, गोऱ्या शेतमजुरांचीही. मग १९७६ मध्ये राज्याने कायद्यानेच त्यांचं काम बंद केलं. आता तिच्या गावाहून बाळंतपणाच्या दवाखान्याला जायला गाडीने सव्वा तास लागतो. पणजीची बॅग अजून मावशीच्या घरी कपाटावर आहे म्हणाली, आरोग्य खात्याची नर्स येऊन तपासायची म्हणून आतलं अस्तर पांढरंशुभ्र ठेवलेलं. थँक्सगिव्हिंगला जाईल तेव्हा फोटो काढून आणणार आहे.

खडीसाखर

बॅगेत काय काय आहे ते एकेक काढून फोटो घ्यायला सांग तिला, आणि तिची हरकत नसेल तर इथे लिही. वजनकाटा असेल बघ त्यात, कापडी झोळीचा, बाळाला लटकवायचा.

रानजाई

विचारते :)